ओसरीवरचा इतिहास

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, शाळाशाळांतून हैदराबाद मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात, विद्यार्थ्यांना खाऊ वाटला जातो आणि तासा-दीड तासात सोहळा आटोपतो. तो तसा साजरा व्हावा हे योग्यच आहे. परंतु ज्या शाळेच्या पटांगणात हे भाषण चाललेले असते, तिथून चार घरे पलीकडे ओसरीवर बाजेवर बसलेल्या नव्वदीच्या वृद्धाला मात्र, "आजोबा, १९४८ च्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता?" असे सहसा कोणी विचारत नाही. भाषण करणाऱ्याने मुक्तिसंग्राम पुस्तकात वाचलेला असतो. ओसरीवर बसलेल्याने तो पाहिलेला असतो. आणि पाहिलेल्याला विचारण्याची निकड वाटू नये, ही आपल्या समाजजीवनातील एक गंभीर उणीव आहे.

ही उणीव हिंगोलीसारख्या जिल्ह्यात विशेष प्रकर्षाने जाणवते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. मोठे कारखाने नाहीत, मोठी शहरे नाहीत. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जिल्ह्याचे नाव क्वचितच येते. बाहेरच्या माणसाला औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नर्सी आणि वसमतची हळद एवढीच ओळख असते. पण याच जिल्ह्यातील एखाद्या नव्वदीच्या शेतकऱ्याचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. तो जन्मला तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. १९४८ नंतर तो भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्याचा नागरिक झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला आणि साठी ओलांडल्यावर त्याचा जिल्हाही बदलला. घर तेच, विहीर तीच, बांधावरचे लिंबाचे झाडही तेच. राज्ये मात्र चार झाली. एका माणसाच्या हयातीत इतकी स्थित्यंतरे जगातील फार थोड्या समाजांनी पाहिली असतील. ही स्थित्यंतरे राजपत्रांत नोंदलेली आहेत. ती जगताना माणसांना काय सोसावे लागले, हे राजपत्र सांगत नाही.

निजामी अमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. प्रजा मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी. पण पुढचे शिक्षण घ्यायचे तर उर्दूतून, कचेरीत अर्ज द्यायचा तर उर्दूतून. त्यामुळे त्या पिढीतील अनेक मराठी माणसे हिशेब आणि सही उर्दूत करीत आणि घरी पोथी मराठीत वाचीत. व्यवहारात नाणे हाली शिक्क्याचे, दप्तरी वर्ष फसली. संस्थानाची सीमा ओलांडायची तर करोडगिरी नाक्यावर मालाची झडती ठरलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्हीच्या नावाखाली शेतकऱ्याच्या कणगीतले धान्य उचलले जाई. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ आडवे येई. हे शब्द आज तरुणांना परके वाटतात. ज्यांच्या तोंडी ते सहज येतात, अशी माणसे मात्र अजूनही आपल्यात आहेत. १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. हा हिशेब साधा आहे आणि त्यातील निकड सांगण्यासाठी वेगळ्या शब्दांची गरज नाही.

मुक्तिसंग्रामावर लिहिले गेले नाही असे नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी आपल्या आठवणी लिहिल्या, अनंत भालेराव यांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा मोलाचा ग्रंथ सिद्ध केला. वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी निजामी राजवटीच्या स्वरूपाची चिकित्सा केली. १९३८-३९ च्या सत्याग्रहात स्टेट काँग्रेसबरोबरच आर्य समाज आणि हिंदू महासभा कशा उतरल्या, उस्मानिया विद्यापीठातून 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने कसा आश्रय दिला, हे सारे नोंदले गेले आहे. तथापि ही नोंद प्रामुख्याने नेत्यांची, तुरुंगात गेलेल्यांची आणि केंद्रांची आहे. विदर्भाच्या हद्दीतील उमरखेडसारख्या गावी लढ्याचे केंद्र होते, हे आपल्याला ठाऊक असते. पैनगंगा ओलांडून त्या केंद्रांपर्यंत निरोप कोणी नेले, रात्री दाराची कडी वाजल्यावर कोणत्या माउलीने चुलीत पुन्हा जाळ घातला, गाव सोडून पलीकडे गेलेल्या कुटुंबांनी जनावरे कोणाच्या भरवशावर सोडली, हे कोणत्या ग्रंथात सापडणार?

वसमतजवळच्या वापटीचे बहिर्जी शिंदे यांना या लढ्यात हौतात्म्य आले. त्यांचे नाव वसमतच्या शिक्षणसंस्थेने आदराने धारण केले आहे. हजारो विद्यार्थी त्या नावाखालून दररोज ये-जा करतात. नाव जपले गेले, हे भाग्यच. पण हुतात्मा हा आधी कोणाचा तरी मुलगा, शेजारी, सवंगडी असतो. त्याची ती ओळख दगडावर कोरता येत नाही. ती आठवणीतच राहते आणि आठवण माणसाबरोबर जाते. प्रवेशद्वारावरचे नाव आणि त्या नावामागचा जिवंत माणूस यांमध्ये जे अंतर पडत चालले आहे, ते भरून काढणे हे नव्या पिढीचे कर्तव्य आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच मोठी आहे. जालना भागातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी वीरांगना प्रत्यक्ष शस्त्र हाती घेऊन लढली म्हणून तिचे नाव राहिले. पण ज्यांनी भूमिगतांसाठी भाकरी थापल्या, धान्याच्या कणगीत पत्रके लपवली, पुरुष परागंदा असताना शेत आणि पोरेबाळे सांभाळली, त्यांच्या नावावर ना तुरुंगवासाचा दाखला आहे ना सन्मानपत्र. सरकारी सन्मानाला पुरावा लागतो. भाकरीचा पुरावा कुठून आणायचा? त्यांचा एकमेव दस्तऐवज म्हणजे त्यांची स्वतःची आठवण, आणि तीही त्या आपणहून सांगत नाहीत. "त्यात काय एवढं सांगायचं?" हे या मातांचे ठरलेले उत्तर असते. ते उत्तर ऐकून जो उठतो त्याला काही मिळत नाही. जो बसून राहतो त्याला अर्ध्या घटकेने सारे आयुष्य उलगडलेले दिसते.

केवळ १९४८ पुरताच हा विषय मर्यादित नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कर्त्या वयात सोसला, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव यांची कामे, मुलांना मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, हे त्यांच्या रोजच्या जगण्याचे भाग होते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. जगाला दिशा दाखवणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्याच्या पायाशी या माणसांचे घट्टे पडलेले हात आहेत. पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर, पैनगंगेवरील इसापूर या धरणांनी शिवारे भिजली. पण त्यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत कोणत्या देवळाची यात्रा भरत होती, पार कोठे होता, बारव कोणी बांधली होती, हे सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. बंजारा तांड्यांवरचे नायक, आंध वस्त्यांवरचे जाणते, बलुतेदारीचा शेवटचा काळ पाहिलेले कारागीर, गावकुसाबाहेरचे जगणे जगून मुलांना पदवीपर्यंत पोहोचवणारे आईबाप, या साऱ्यांच्या कथा म्हणजेच या भूमीचा सलग इतिहास आहे. समरसता हा शब्द उच्चारणाऱ्याने या शेवटच्यांच्या ओसरीवर आधी बसले पाहिजे. तेथे ऐकायला मिळणारे सगळेच सुखद असणार नाही, आणि म्हणूनच ते ऐकणे आवश्यक आहे.

आणीबाणीचीही तीच गोष्ट. २५ जून १९७५ ची ती रात्र, ४ जुलैची संघबंदी, १४ नोव्हेंबरपासूनचा सत्याग्रह यांच्या तारखा कार्यकर्त्यांना पाठ असतात. परंतु मिसाखाली घरातला कर्ता पुरुष नेल्यावर किराणा कोणी उधार दिला आणि कोणी दार लावून घेतले, हे त्या घरातील गृहिणीच सांगू शकते. ती आज पणजी झाली आहे. तिच्या धैर्याचा कोणी सत्कार केला नसेल; निदान तिला विचारण्याइतके ऋण तरी फेडायला हवे.

याच हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी ११ ऑक्टोबर १९१६ रोजी नानाजी देशमुख यांचा जन्म झाला. शाळेच्या खर्चासाठी भाजी विकणारा हा मुलगा पुढे संघाचा प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गेला. १९७४ च्या नोव्हेंबरात पाटण्यात जयप्रकाशजींवर पडणारी लाठी त्याने आपल्या हातावर झेलली, लोकसंघर्ष समितीचे सचिवपद सांभाळले, १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावर मंत्रिपद नाकारले आणि साठीनंतर सक्रिय राजकारणातून बाहेर पडून ग्रामविकासाला वाहून घेतले. २०१० मध्ये चित्रकूट येथे देह ठेवल्यावर त्यांच्या इच्छेनुसार तो देहही वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. नानाजींच्या चरित्राने दोन गोष्टी शिकवल्या. वार्धक्य म्हणजे कामाचा शेवट नव्हे, ही पहिली. आणि दुसरी अशी, की कडोळीसारख्या आडगावात भाजी विकणाऱ्या मुलाच्या आयुष्याची थोरवी वरून पाहता कोणालाही दिसत नाही. प्रत्येक ओसरीवर नानाजी भेटतील असे नव्हे. पण कोणत्या ओसरीवर काय भेटेल, हे विचारल्याशिवाय कळणार नाही एवढे निश्चित.

वडीलधाऱ्यांना विचारून, ऐकून, पारखून लिहिणे ही मराठी भाषेला नवी गोष्ट नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच तेथून झाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते ग्रंथालयात बसून नव्हे. श्रीचक्रधरस्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्यांची खातरजमा करून घेतली आणि सांगणाऱ्याच्या बोलीचा गोडवा न घालवता त्या लिहिल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला तेव्हा तो पुन्हा उभा राहिला तोही अनुयायांच्या स्मरणातूनच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध होऊ लागली. राजवाड्यांना ज्या दप्तरांचा ध्यास होता, ती वाळवी लागण्याआधी वाचवायची होती. आजची दप्तरे बोलती आहेत. त्यांनाही काळाची वाळवी लागतेच. अलीकडच्या काळात गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जाती थांबली, पण ज्यांच्या ओठांवर ओव्या होत्या त्यांना वेळेवर कोणीतरी विचारले म्हणून तो ठेवा उरला. फाळणीतून वाचलेल्यांच्या दहा हजारांहून अधिक मुलाखती गेल्या दीड दशकात जगभरातून ध्वनिचित्रमुद्रित झाल्या. पंजाबच्या जखमेची जी नोंद होऊ शकते, ती मराठवाड्याच्या जखमेची का होऊ नये?

यावर एक आक्षेप घेतला जातो. म्हातारपणी स्मरण दगा देते, सन-तारखांची सरमिसळ होते, ऐकीव गोष्टी पाहिलेल्या वाटू लागतात; अशा आठवणींवर विसंबायचे कसे? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आठवण हा निकाल नसून साक्ष आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. साक्ष पारखून घ्यावी लागते. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याशी, दोघांचे कागदपत्रांशी ताडून पाहावे लागते. पण कागद निर्दोष असतो असे तरी कोठे आहे? निजामी दप्तर हे राज्यकर्त्यांचे दप्तर होते. त्यात प्रजेची भीती आणि प्रजेची आशा कोण नोंदवणार? तारीख कागदाकडून घ्यावी, जगण्याची आच माणसाकडून घ्यावी.

ऐकणाऱ्याने पाळायचे दुसरे पथ्य अधिक कठीण आहे. आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकण्याचा मोह टाळला पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी अंगावर शहारे आणतात आणि त्या दडपल्या जाता कामा नयेत. पण त्याच आठवणींत एखाद्या मुसलमान शेजाऱ्याने दिलेल्या आसऱ्याची गोष्ट निघते, तीही तितक्याच निष्ठेने लिहिली पाहिजे. विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच हत्या केली, हा इतिहास आहे. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत निरपराधांना जे भोगावे लागले, तेही कोणी वृद्ध सांगेल. त्याचे तोंड धरू नये. सत्य ऐकण्याचे धैर्य ज्या समाजात असते, त्याच्याच इतिहासाला जग मान देते.

२०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. त्या प्रमाणाने धरले तरी एकट्या या जिल्ह्यात लाखभर ज्येष्ठ भरतात. लाखभर आयुष्ये, आणि ऐकणारे किती? मुले शिक्षणासाठी नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, नोकरीसाठी पुण्याला गेली. गावात राहिलेल्यांच्या हाती मोबाईल आला. आजोबा बोलू लागले की "हे मागेच सांगितलंय तुम्ही" म्हणून त्यांना थांबवले जाते. वृद्धांना औषध मिळते, जेवण मिळते, श्रोता मिळत नाही. आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ मध्ये कायदा करावा लागला, हीच समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे. पण कोणताही कायदा नातवाला आजीजवळ बसवू शकत नाही. तिथे संस्कारच लागतो. 'मातृदेवो भव, पितृदेवो भव' म्हणणाऱ्या संस्कृतीत वृद्धांचा सांभाळ केवळ पोटापुरता असून चालणार नाही; त्यांचे सांगणे ऐकणे हाही त्या सेवेचाच भाग आहे.

कुटुंब प्रबोधन हा संघाने मांडलेल्या पंच परिवर्तनातील एक विषय आहे. त्याचा आरंभ याहून सोपा आणि याहून सुंदर कोणता असेल? यासाठी निधी लागत नाही, मंडप लागत नाही, प्रमुख पाहुणे लागत नाहीत. आठवड्यातून एक सायंकाळ दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि घरातील सर्वांत वडील व्यक्तीभोवती बसावे. "तुमचं आयुष्य सांगा" असा भला मोठा प्रश्न विचारू नये. त्याला उत्तर नसते. वस्तूपासून सुरुवात करावी. फडताळातले हाली नाणे, पेटीतला उर्दू कागद, कोपऱ्यात उभे करून ठेवलेले जाते, पितळी डब्यावर कोरलेले नाव यांविषयी विचारावे. "आजी, तू सासरी आलीस तेव्हा बैलगाडीला किती दिवस लागले?" एवढा एक प्रश्न पुरेसा होतो. मध्ये तोडू नये, दुरुस्त करू नये, डोळ्यांत पाणी आले तर घाईने विषय बदलू नये. एका बैठकीत सारे काढून घेण्याचा हट्टही नको. सांगणाऱ्याची अनुमती घेऊन मोबाईलवर आवाज मुद्रित करावा. ज्या हातांनी घरातील संवाद तोडला, ते यंत्र निदान या कामी तरी यावे. नाव, गाव, वय, दिवस लिहून ठेवावा. बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवावे, पुस्तकी करू नये. जे घरातच राहावे असे त्यांना वाटेल, ते घरातच ठेवावे.

शाखांनी, महिला मंडळांनी, शाळांनी यापुढचे पाऊल टाकता येईल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सुटीत गावातील एका वृद्धाशी बोलून चार पाने लिहून आणायला सांगावे. त्यातील निवडक पाने १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनानंतर वाचावीत आणि ज्यांची ती कथा आहे त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. ज्यांची मुले परगावी आहेत, अशा एकाकी वृद्धांकडे कार्यकर्त्यांनी आवर्जून जावे. तेथे कथेची नोंद हा लाभ दुय्यम, सोबत हाच खरा लाभ. जमलेल्या वह्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या ज्ञानकेंद्रात पोहोचावी. मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचे नाव धारण करणाऱ्या आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाहून त्या वह्यांना अधिक उचित घर कोणते?

ज्या समाजाला आपले पूर्वज केवळ तसबिरीत दिसतात, त्याचा इतिहास उत्सवांपुरता उरतो. ज्या समाजाने पूर्वजांचा आवाज ऐकलेला असतो, त्याला संकटात त्या आवाजाचा आधार मिळतो. निजामी जुलूम, दुष्काळ, आणीबाणी यांतून पार पडलेली माणसे अजून आपल्या घरात आहेत, त्यांना ऐकू कमी येते आणि पाहणे अंधुक झाले आहे, पण सांगण्यासारखे पुष्कळ आहे. येत्या १७ सप्टेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही. आज दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि पहिला प्रश्न विचारावा.